चौथी पायरी

लेकीने हट्टाने दोन दिवस आरामाला पाठवलं, पण सुतारकाकांना आराम कुठला सोसायला! दोनशे वर्षांच्या जुन्या घराचं ते छोटंसं, शांत हॉटेल. आणि त्याच्या लाकडी जिन्याची चौथी पायरी पाऊल पडलं की करकरायची.

“इथे तरी हात स्वस्थ ठेवा,” काकूंनी दटावलं.

दुपारी काकू जरा लवंडल्या, तशी काकांनी पिशवीच्या तळाशी लपवून आणलेली हत्यारं काढली आणि पायरीची बोलती बंद केली.

संध्याकाळी मॅनेजर नव्या पाहुण्यांना घेऊन जिन्यापाशी आला. “ही चौथी पायरी म्हणजे या घराची शान! मूळ मालकाने मुद्दाम करकरती ठेवली होती, उशिरा येणारा जावई पकडायला. आजवर एकाही सुताराला आम्ही हात लावू दिलेला नाही. ऐका हं!”

त्याने पाय ठेवला. चिडीचूप. पुन्हा ठेवला. मग दोन्ही पायांनी उडी मारून पाहिली. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

बाजूला उभ्या काकूंनी काकांकडे असं काही पाहिलं, की काका खाली मान घालून वरच्या खोलीकडे सटकायला निघाले. चौथ्या पायरीवर त्यांनी पाऊल टेकवलं मात्र...

“कर्रर्र!”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरचा जीव भांड्यात पडला. काका मात्र आपला उजवा गुडघा चोळत उभे.



“अहो, उतरा आणि पुन्हा चढा,” काकू गोड आवाजात म्हणाल्या, “मागच्यांना ऐकू आलं नाही.”