कोमट

नवऱ्याची नजर सगळ्यांत मोठ्या शॉवरवरून हलेना. वर ताटाएवढी जाळी, भिंतीतून थेट कमरेवर येणाऱ्या धारा, भोवती रंग बदलणारे दिवे. शोरूमच्या मागच्या भिंतीवर असे बरेच शॉवर ओळीने लावले होते आणि त्यांना खरोखरचं पाणी येत होतं.

“हा आपल्याकडे बसवला तर आंघोळ करणाऱ्याला बाहेर उभं राहावं लागेल,” बायको म्हणाली.

तिच्या कडेवर मुलगी पेंगत होती. दिव्यांकडे बायको बघतच नव्हती. प्रत्येक नॉबपाशी वाकून एकच विचारत होती, पाणी जास्तीत जास्त किती गरम येतं आणि ते अडवता येतं का. आपण लावू तेवढंच राहतं मॅडम, असं सेल्समनने पुन्हा पुन्हा सांगूनही तिचं समाधान होत नव्हतं. मागच्या आठवड्यात मुलीच्या पाठीवर लाल चट्टा दिसला, तेव्हा नवऱ्याला तिने घामोळं असेल म्हणून सांगितलं होतं आणि लगेच बाथरूम नवं करायचा विषय काढला होता. मुलीला आंघोळ सासूबाई घालायच्या, जन्मल्यापासून. ते काम त्यांच्याकडून काढून घ्यायचं तर काय सांगून घ्यायचं, हे तिला सुचत नव्हतं.

सासूबाई एका टबच्या काठावर टेकल्या होत्या. एवढ्या किमतीत अंग चोळून द्यायला माणूसही येतो का, हे त्यांचं सेल्समनला विचारून झालं होतं.

“तुम्हीच या, काकू,” सेल्समन हसत म्हणाला. नातीला लागतं तसं पाणी लावून दाखवा, म्हणजे सरांनाही अंदाज येईल.

सासूबाईंना हे आवडलं. त्यांनी बाही वर सारली, डावा हात मोठ्या शॉवरच्या धारेखाली धरला आणि उजव्या हाताने नॉब फिरवायला घेतला. नॉबवरच्या छोट्या पडद्यावर आकडे उमटत होते. त्यांचा चष्मा पर्समध्ये होता. अडतीसला त्या म्हणाल्या, गारच आहे. एक्केचाळीसला सेल्समनने सुचवलं की बऱ्याच जणांना इथे बरं वाटतं. बऱ्याच जणांचं सोडा, आमच्या बबडीला गार पाण्याने शिंका येतात, असं म्हणत त्यांनी नॉब आणखी वळवला. चव्वेचाळीस. सत्तेचाळीस. मागची फरशी वाफेने धूसर झाली.

“हां. आता झालं कोमट.”

नवरा आईची थट्टा करायला पुढे आला. त्याने धारेखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. मग त्याने पडद्यावरचा आकडा पाहिला. आईचा तळवा लालबुंद झाला होता आणि तरीही धारेखाली स्वस्थ होता.

“घामोळं?” त्याने बायकोला हळूच विचारलं.

तिने मुलीला त्याच्याकडे देऊन नॉब पार गार पाण्याच्या टोकाला फिरवला आणि सासूबाईंचा हात मनगटाला धरून तसाच पाण्याखाली ठेवला.

“गार लागतंय का, आई?”

सासूबाई स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. दुसऱ्या कुणाचा तरी असावा, तसं.

“तूच सांग, बाई.”

सेल्समनने दिव्यांच्या वॉरंटीचं काहीतरी सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. शेवटी सासूबाईंनीच हात पुसला. ही मघापासून काहीतरी अडवायचं म्हणत होती, ते कुठलं, ते दाखवा म्हणाल्या.

सेल्समनचा जीव भांड्यात पडला. शेजारच्या शॉवरला तशी सोय होती. अडतीसला नॉब थांबायचा, पुढे जायचं तर लहानसं बटण दाबावं लागायचं. सासूबाईंनी अंगठ्याने बटण दाबलं, नॉब फिरवला. सहज गेला.

“हा नको.”

“अगं आई, मुद्दाम दाबल्याशिवाय थोडंच...”

“मुद्दाम कोण करतं?”

ओळीच्या अगदी शेवटी एक साधा शॉवर होता. ना दिवे, ना भिंतीतल्या धारा. याची मर्यादा शॉवर बसवतानाच आतून किल्लीने लावून टाकतात, मग बाहेरून कुणालाच काही करता येत नाही. पण हा बहुतेक हॉस्पिटलं आणि पाळणाघरंच नेतात, घरी कुणी लावत नाही, असं सेल्समनने जरा ओशाळूनच सांगितलं. नवऱ्याचा चेहरा पडला.

सासूबाईंनी पाय रोवले. दोन्ही हातांनी नॉब धरला आणि बरणीचं घट्ट बसलेलं झाकण काढावं तसा जोर लावला. नॉब अडला. त्यांनी दम घेतला आणि पुन्हा लावला. कपाळावरची शीर फुगली.

“काकू, तुटेल.”

“तुटू दे. मग घ्यायलाच नको.”

तुटला नाही. हललाही नाही. सासूबाईंनी नॉब सोडला. सवयीने त्यांचा हात पाण्याकडे गेला आणि मध्येच मागे आला. तो हात त्यांनी मुलाच्या खांद्यावर झोपलेल्या नातीच्या पाठीवर ठेवला.

“हाच घ्या,” त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. “हिला आंघोळ घालताना दाराखालच्या फटीतून रोज तुझे पाय दिसतात मला. हा बसेपर्यंत तू आत जा. बाहेर मी उभी राहते.”