तीन पायांची दुर्बीण

चांगदेवबाबांचे कान गेले, तसा त्यांचा टीव्हीही सुटला. म्हणून रविवारी दुपारी लेकीने, प्राप्तीने, त्यांना मोबाइलवर आपला लाडका सिनेमा लावून दिला. अमेरिकेतल्या घोडेस्वारांचा, शंभर वर्षांपूर्वीचा, फारसा कुणाला ठाऊक नसलेला मुका सिनेमा. बंदुका झडल्या, दरोडेखोरांनी गाव पेटवलं, तरी बाबा खाटेवर मजेत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

मग शांत माळरान आलं. कोटातला एक माणूस हसत हसत आला, एका म्हातारीच्या शेतात त्याने तीन पायांची दुर्बीण उभी केली आणि तिच्या हातचं पाणी प्यायला. प्राप्तीला इथे नेहमी जरा कंटाळाच यायचा.

बाबांच्या हातातल्या शेंगा सांडल्या. त्यांनी लेकीचं मनगट गच्च धरलं.

"पोरी, तिला सांग, पानी नको देऊ त्याला!" ते ओरडले. "आपल्या मिठागरावर पन असाच हसत आलता एक. दुर्बीण लावून मोजनी करून गेला, न वर्साच्या आत मिठागर गेला!"

प्राप्तीने घाईघाईने सिनेमा थांबवला. तीनदा पाहूनही तिला कळलं नव्हतं, की त्यातला सगळ्यात भयंकर प्रसंग हाच आहे.




उद्या नव्या नोकरीवर न्यायची तीन पायांची दुर्बीण तिने पायानेच खाटेखाली आणखी आत सारली, आणि बाबांकडे बघून हसली.