धाकटीच्या तळ्यातले मासे

फुंग-यिनने बादली बांधावर टेकवली आणि मागे वळून पाहिलं. लिचीच्या झाडांपलीकडे धाकटी जाऊ सासूबाईंना हाताला धरून घराकडे नेत होती. ऊन उतरलं होतं. बादलीत माशांची बोटाएवढी पिल्लं वळवळत होती, सगळी फुंग-यिनच्या स्वतःच्या पिल्लांच्या तळ्यात वाढलेली.

काम सोपं होतं. बादली धाकटीच्या तळ्यात पालथी करायची आणि घरी जाऊन पेज चुलीवर चढवायची.

क्वाय मासा जातीचा शिकारी. समोर जिवंत पळतं असेल तेच खाणार, मेलेल्याकडे ढुंकून बघणार नाही. एक मासा बाजारात नेण्याजोगा व्हायचा तर त्याच्या पोटात लहान माशांच्या बादल्या रित्या कराव्या लागतात. म्हणून तर फुंग-यिनच्या पिल्लांना गावात मान होता. भलेभले तिच्या दारात येऊन गोड बोलत. धाकटी मान-यीसुद्धा गेल्या सालापर्यंत हातात बादली घेऊन तिच्याच बांधावर यायची.

यंदा आली नाही. यंदा तिने म्हणे माशांना कोरडी गोळी खायला शिकवली. सोयाबीनची, अळ्यांच्या पिठाची, आणखी कशाकशाची. आधी जिवंत मासा, मग मेलेला, मग त्याचा तुकडा, मग गोळी. काठीने पत्र्याचा डबा वाजवायचा आणि गोळी टाकायची.

"लहान मासे मारून मोठे मासे किती दिवस पोसायचे, जाऊबाई?" जेवताना ती म्हणाली होती. "शिवाय जिवंत पिल्लांबरोबर रोग येतात तळ्यात."

रोग! आणि माझ्या पिल्लांमधून! फुंग-यिनचा घास तोंडातल्या तोंडात फिरला होता. धाकटीला ती लग्नापासून पाण्यात पाहत आली होती. पण इतकं पोटात कधी दुखलं नव्हतं. काल आलेली पोर, आणि चालली माशांची जात बदलायला. त्यात सासूबाई रोज संध्याकाळी स्टूल घेऊन तिच्या बांधावर जाऊन बसायच्या आणि घरी येऊन सांगायच्या, "अगं, कोंबड्यांसारखे धावत येतात गं! थोरले, तू पण ये की एकदा." थोरली गेली नव्हती. तिच्या तळ्याकाठी सासूबाई इतक्या वर्षांत घटकाभर टेकल्या नव्हत्या.

त्याच जेवणात धाकटी भोळेपणाने आणखी एक बोलून गेली होती. "एकच धास्ती आहे. जिवंत परत एकदा तोंडाला लागलं, की गोळीला शिवायचे नाहीत. सगळी मेहनत मातीत."

फुंग-यिनने ते गाठीला बांधून ठेवलं होतं.

तिने बादली उचलली. कडी बादलीवर आपटली, ठण्ण झालं.

पाणी हललं. काठाशी एक काळसर पाठ दिसली. मग दुसरी. बघता बघता सगळा कोपरा माशांनी भरला. ठिपकेदार अंगं, पुढे आलेले खालचे जबडे, मोठाले डोळे. तोंडं उघडून ते तिच्याकडे बघत होते.

फुंग-यिन जागच्या जागी उभी राहिली. जन्म या माशांत गेला तिचा, पण असे तिने ते पाहिले नव्हते. स्वतःच्या क्वायच्या तळ्यात ती पिल्लं ओतायची आणि निघून यायची. खाली चिखलाजवळ काय चालतं, कोणी बघितलंय? क्वायचं तोंड दिसायचं ते जाळ्यात, तडफडताना. इकडे ही सटवी रोज संध्याकाळी डबा वाजवते आणि हे सगळे भेटायला वर येतात.

तिने बादली कलती केली. पाणी काठापर्यंत आलं, एक पिल्लू कडेवर चमकलं. आता हे ओतलं, की उद्यापासून डब्याच्या आवाजाला कुणी वर येणार नव्हतं. धाकटीच्या नाही, आणि आत्ता आले तसे तिच्याही नाही.

तिने बादली सरळ केली. धाकटीचा डबा तिथेच दगडावर होता. इकडेतिकडे बघून तिने त्यातून मूठभर गोळ्या काढल्या, खिशात कोंबल्या आणि बादली घेऊन भराभरा बांध ओलांडून आपल्या क्वायच्या तळ्यावर आली.

गोळ्या तिने पाण्यावर भिरकावल्या. एक काटकी उचलली आणि बादलीवर वाजवली. पाणी गप्प. आणखी जोरात वाजवली. गोळ्या नुसत्या तरंगत होत्या.

"या की रे मेल्यांनो!" ती ओरडली. "तिच्याकडे जाता, इथे काय मी सावत्र आहे?"

ती बडवत राहिली. आतली पिल्लं घाबरून बादलीच्या भिंतींवर धडका घेत होती.

"जाऊबाई," पलीकडच्या बांधावरून मान-यीचा आवाज आला. ती डबा छातीशी धरून उभी होती. कधीपासून, कोण जाणे. "दोन दिवस उपाशी ठेवावे लागतात आधी. आणि इतक्या जोरात नका वाजवू. भितात ते."

फुंग-यिनच्या कानशिलांपर्यंत आग गेली.

"माझे मासे कुणाला भीत नाहीत!" ती खेकसली. "मला शिकवू नकोस. जा, घरी पेज चढव."

मान-यी गेली नाही.

फुंग-यिनने तिच्याकडे पाठ केली, आणि काटकी हळू वाजवायला लागली.