पाच देशांचा तक्ता

तक्ता तिसऱ्यांदा फुटला होता.

मंत्रालयाने विद्यापीठाचं मंडळ बरखास्त केलं होतं. दोन आठवड्यांनी, सोमवारी, न्यायालयात सुनावणी होती. पाच देशांत विद्यापीठाच्या कारभारात सरकारला किती हात घालता येतो, याचा तक्ता प्रशासकीय कायदा शिकवणाऱ्या बाई करत होत्या. पण बाईंचा मुद्दा न्यायालयात पोचण्याआधीच त्याचं उत्तर मंत्रालयाकडून तयार येत होतं.

कुलसचिवांचा संशय बाईंवर होता. बाईंचा धाकटा दीर मंत्रालयात होता.

"दीर काय म्हणतात?" त्यांनी सहजच विचारलं.

"तो बायकोशी धड बोलत नाही, माझ्याशी कुठला बोलतोय!"

बाईंचं हसणं जरा लवकरच आलं, असं त्यांनी मनात टिपलं. कुलसचिव माणसं वाचत; कागदांवर नुसती सही करत. आवक-जावकचे काका शेजारी उभे राहून पानांचे कोपरे उचलत होते, साहेबांचं पेन पळत होतं.

शुक्रवारी त्यांनी सापळा लावला. चौथ्या देशात विद्यापीठाच्या मंडळावर सरकारची माणसं दोन. बाईंच्या प्रतीत त्यांनी तीन केली, तक्त्यासाठी संदर्भ पुरवणाऱ्या ग्रंथपालांच्या प्रतीत चार. मूळ तक्ता काकांकडे नोंदीला दिला.

"नेहमीसारखंच ना, साहेब?"

"नेहमीसारखंच. आणि नोंद झाली की फाइल माझ्या कपाटात."

कपाटाची किल्ली त्यांनी खिशात टाकली. ग्रंथपालांनी आपली प्रत न उघडताच ग्रंथालयात ठेवून दिली. बाई मात्र तासाभरात दारात.

"साहेब, चौथ्या देशात तीन कोणी केले? दोन आहेत. अशा चुकीवर समोरचा वकील आपल्याला सोलून काढेल."

"टंकलेखनाची चूक. कुणाला बोलला नाहीत ना?"

"तुम्हालाच सांगतेय की."

बुधवारी मंत्रालयाचं उत्तर आलं. कुलसचिवांनी बाकीचं सोडून फक्त आकडा शोधला. दोन.

खरा आकडा दोघांनाच ठाऊक होता. त्यातले एक ते स्वतः. त्यांनी बाईंच्या निलंबनाचा आदेश टाइप करून घेतला आणि त्यांना बोलावलं.

बाईंनी आदेश उभ्यानेच वाचला. "बावीस वर्षं झाली इथे. एक पुरावा दाखवा."

"आकडा बोलतोय. सोमवारी न्यायालयात तक्ता दुसरं कुणी मांडेल."

"पाच देशांचे कायदे पालथे घातले मी, विद्यापीठ सरकारच्या मुठीत नसावं म्हणून. मी फोडेन?"

"दिराला विचारा." त्यांनी पेन उघडलं.

काकांनी सवयीने पानाचा कोपरा उचलला. साहेबांनी सही केली. बाई पर्स उचलून दाराकडे निघाल्या.

काकांनी खालचं पान पुढे सरकवलं. "आणि इथे एक, साहेब. मंत्रालयाला माहितीसाठीची प्रत. तक्त्याबरोबर दर खेपेला लावतो, तशीच लावलीय."