सतरावा फोन

"सावकाश सांगा आजोबा, मला कसलीही घाई नाही," ऑपरेटर फोनमध्ये म्हणाले आणि दारात उभ्या राहिलेल्या बायकोला बोट वर करून थांबवलं.

ते बोट घरात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. मुलगी लग्नाआधी त्याला 'लाल दिवा' म्हणायची. बायकोच्या हातात इस्पितळाचा शिक्का असलेलं खाकी पाकीट होतं. आजोबांचा गुडघा संपून जावयाचा विषय निघाला, तोवर ती तशीच उभी राहिली. मग दोन फोनांच्या मधे तिने घाईने तोंड उघडलं.

"अहो, डॉक्टर म्हणाले मंगळवारी ऑपरेशन करू. सही करायला घरचं माणूस..."

"कोणाचं काय ते थोडक्यात सांग. नाहीतर नंतर सांग. दहावा नंबर वाट बघत असेल."

पाकीट त्यांच्यासमोर टेबलावर ठेवून ती आत गेली. दहाव्या नंबरच्या आजी बोलायला लागल्या आणि ऑपरेटरांना लिहायला कागद सापडेना. त्यांनी तेच पाकीट पालथं घातलं आणि त्याच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'दहा – झोप लागत नाही. आस्थेने चौकशी करणे.'

अडतीस वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात काढली होती. निवृत्त होऊनही गल्ली त्यांना ऑपरेटरच म्हणायची. आवाज असा, की ऐकणाऱ्याचं अर्धं दुखणं पळावं. तो नुसता घरात पडून वाया चालला होता. अशात पलीकडच्या चौकातल्या संस्थेने विचारलं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी घरूनच फोन कराल का? ऑपरेटरांना आभाळ ठेंगणं झालं. संस्थेच्या ताई दर सोमवारी यादी पाठवायच्या. त्यात नावं नसायची. अनुक्रमांक, वय आणि फोन नंबर, बस. खाली विचारायचे चार प्रश्न. पाचवी गोष्ट ऑपरेटरांनी स्वतःहून घातली होती. ती त्यांची नोकरीतली सवय. फोन आपण आधी ठेवायचा नाही. पलीकडचा माणूस दमेपर्यंत ऐकायचं. गल्लीत याचं फार कौतुक होतं. वाण्याच्या दुकानातही लोक म्हणायचे, असा देवमाणूस शोधून सापडायचा नाही. बायको शेजारी पिशवी धरून उभी असायची आणि मान डोलवायची.

त्या आठवड्यात ती आणखी दोनदा दारात आली. दोन्ही वेळा लाल दिवा लागला. दुसऱ्या खेपेला तिने पाकिटाकडे नुसतं बघितलं. त्याच्यावर आता बारा जणांची दुखणी लिहिलेली होती. पाकीट अजून चिकटवलेलंच होतं.

सोमवारी नवी यादी आली. नेहमीच्या सोळा नंबरांखाली सतरावा वाढला होता. वय सदुसष्ट, बाई, घरी कोणी नाही. ऑपरेटर हळहळले. नव्या माणसाला निवांत वेळ द्यावा म्हणून त्यांनी तो फोन शेवटी ठेवला. सोळा फोन झाल्यावर घसा खाकरून, पाण्याचा घोट घेऊन त्यांनी नंबर फिरवला.

त्याच क्षणी स्वयंपाकघरात फोन वाजायला लागला.

"अगं, बंद कर तो फोन!" ऑपरेटर ओरडले. "माणूस इथे कामात आहे, कळत नाही?"

स्वयंपाकघरातला फोन वाजायचा थांबला.

"हॅलो," त्यांच्या कानात बायको म्हणाली.

ऑपरेटरांनी यादी डोळ्यांजवळ धरून नंबर पुन्हा वाचला. दोन वर्षांपूर्वी मुलीने आईला मोबाईल दिला होता. त्याचा नंबर त्यांनी कधी घेतला नव्हता. एका घरात राहणाऱ्या माणसाचा नंबर हवा कशाला?

"हा काय पोरखेळ आहे?" ते म्हणाले. आवाज मात्र सवयीने गोडच निघाला.

"पोरखेळ नाही. ताईंना सांगून रीतसर नाव घातलंय. प्रश्न विचारा ना. सगळ्यांना विचारता तसे."

त्यांना फोन ठेवता येईना. अडतीस वर्षांत ठेवला नव्हता. चार पावलांवर दार होतं, पण उठून जायचा धीरही होईना. त्यांनी यादीवर बोट ठेवलं.

"जेवण... जेवण वेळेवर होतं का?"

"होतं. स्वयंपाक मीच करते."

"औषधं?"

"घेते."

"तब्येतीची काही तक्रार?"

"छातीत गाठ आहे. उद्या सकाळी काढणार आहेत. तपासणीचा कागद तुमच्या टेबलावर आहे, पाकिटात. त्याच्यावर तुम्ही लिहिता."

ऑपरेटरांनी पाकीट उलटं केलं. शिक्क्याखाली बायकोचं नाव होतं. घरात इतके दिवस कोणाच्या ऑपरेशनचं चाललं होतं, ते त्यांना आत्ता कळलं. चौथा प्रश्न तोंडातून बाहेर पडेना. शेवटी तिनेच तो म्हटला. रोज भिंतीआडून ऐकून तिला तो पाठ झाला होता.

"'काही मदत हवी आहे का?' असं विचारा. हवी आहे. सोबत कोणीतरी हवं. तुमच्या संस्थेतून एखादी बाई मिळाली तर बघा."

"मी येतो," ऑपरेटर म्हणाले. "अगं, मी आहे ना! मी येतो तुझ्याबरोबर. सहीसुद्धा करतो."

मग बायको बोलली, अगदी शांतपणे, त्यांच्याच त्या गोड आवाजात. वाक्य एकदा कानात आलं आणि एकदा भिंतीतून.

"तुम्ही फोनवर फार छान बोलता हो. पण सहीला तुम्ही नाही चालणार. तिथे घरचं माणूस लागतं."

आणि तिने फोन ठेवला.