बुवांचा हात

"बुवांच्या पायां पड, म्हणजे विषय संपलो," अनंतबाब म्हणाले.

"पडणार नाय," अक्षय म्हणाला.

देवळाच्या मंडपात सगळा वाडा जमला होता. खांबाला टेकून विनायकबुवा बसले होते, उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या झोळीत. समोर अक्षय उभा. मोपाच्या विमानतळावर सामान चढवायची पाळी संपवून तो थेट आला होता. केस मानेपर्यंत, अंगात काळा टी-शर्ट आणि त्यावर दात विचकणारी कवटी.

त्याची आई सुशीला हात जोडून पुढे आली. "ल्हान आसा तो, बुवा. चुकलो. तुमी तरी पोटात घाला."

"आई, तू बस."

अनंतबाब देवस्थानचे अध्यक्ष. त्यांचा आवाज चढला. "परवा दुपारी तू बुवांच्या घरात घुसलंस. तेंका पाडलंस, हात मोडलंस. आख्ख्या तालुक्यात ज्या हाताक पेटीर तोड नाय, तो हात! कित्याक? सांग सगळ्यांका."

अक्षयने बायकांच्या बाजूला एकदा पाहिले. भिंतीशी बुवांची बायको उषा बसली होती, पदर तोंडावर ओढून. त्या दुपारी तिने त्याचे पाय धरले होते. कोणाक सांगू नको रे बाबा. त्याने शब्द दिला होता.

"सांगणार नाय."

"सांगूक काय आसा?" मागून कोणीतरी ओरडले. "दिवसभर ती राक्षसांची गाणी आयकता. केरीच्या किनाऱ्यार जमान केस आपटतत सगळे. नशेबिगर तां जमता काय? आज हात मोडलो, उद्या गळो कापतलो."

बुवांनी डावा हात वर केला. मंडप गप्प झाला.

"पोराला दोष देऊ नका," ते म्हणाले. भजनात निरूपण करताना असायचा तसाच मऊ, गोड आवाज. "दोष त्या संगीताचा. माणूस जे ऐकतो तसा होतो. मी त्याला माफ केलंय. त्याने ते ऐकणं सोडावं आणि सप्ताहात टाळ धरून माझ्या मागे उभं राहावं. सूर माणसाला शुद्ध करतो."

काहींच्या माना डोलल्या. अक्षयच्या मुठी आवळल्या गेल्या.

"मुठी बघा तेच्यो!"

"मोबाईल दी हकडे," अनंतबाबांनी तो त्याच्या खिशातून ओढलाच. "लाव रे हो कर्ण्यार. आयकूंदे सगळ्यांका, हो पोरगो काय आयकता तां."

भजनी मंडळाच्या एकाने मोबाईल जोडला. मंडपात एकदम ड्रम कोसळले, गिटार करवतीसारखी कापत सुटली आणि कुणी पुरुष घसा फाटेपर्यंत किंचाळू लागला. पोरे रडायला लागली. बायकांनी कान झाकले. एक म्हातारा "शिव शिव" म्हणत बाहेर गेला.

उषाने कान झाकले नाहीत. ती उठून उभी राहिली. तिचे ओठ हलले, पण त्या कल्लोळात कुणाला काही ऐकू आले नाही. अनंतबाबांनी हाताने खूण केली. गाणे बंद झाले.

"माका ह्या आवाजाचा भंय वाटत नाय," ती म्हणाली. "माका तंबोऱ्याचा भंय वाटता."

कुणाला काही कळेना. बुवांना कळले. "उषा, खाली बस."

ती बसली नाही. "ह्यांचो तो विजेवरचो तंबोरो. पयलो तो मोठ्यान लावतत. मगे दार लावतत. मगे माका मारतत. तुमका वाटता बुवा रियाज करतत. रस्त्यार उबे रवन तुमी हात जोडतास." तिने अक्षयकडे बोट केले. "हो पोरगो कानात ती गाणी घालून बसता म्हणून तुमी तेका हसतास. पण तंबोऱ्याच्या आड माझो आवाज तेकाच एकट्याक आयकाक इलो."

"देवळात उभी राहून नवऱ्याची अब्रू..." बुवा उठू लागले. त्यांच्या आवाजातली मऊ साय कुठल्या कुठे गेली होती.

सुशीला मध्ये आली. "आणि मी तुमका हात जोडले! आताच्या आता, सगळ्यांसमोर!"

अनंतबाब खाकरले. "तां बरोबर नाय, बुवा. तां आमी मगे बसान बघूया. घरची गजाल ती. पण अक्षय, तूय हात मोडूक नको होतंस."

"मी हात धरलो," अक्षय म्हणाला. "सोडलो नाय, इतक्याच. ते ओढूक गेले आणि उंबऱ्यार पडले."

त्याने कर्ण्याला जोडलेला मोबाईल उपटून घेतला. उषा पायऱ्यांकडे निघाली होती. "काकी, पेडण्यार जावया? पोलिसांत?"

"व्हय."

बाहेर ऊन होते. पहिल्याच पायरीवर ती अडखळली आणि पदर खांद्यावर घसरला. डावा डोळा पुरता मिटला होता, काळा-निळा, टम्म. त्या बाजूची पायरी तिला दिसत नव्हती. ती पायाने चाचपत होती. सुशीलाने तिला कमरेला धरले आणि दोघी एकेक पायरी उतरू लागल्या.

मंडपातल्या सगळ्यांनी ते पाहिले. कुणी जागचे हलले नाही.

"सोमवारी सप्ताह सुरू जाता," अनंतबाब हळूच शेजारच्याला म्हणाले. "पेटीर कोण बसतलो?"