बावीस नंबर

थँक्सगिव्हिंगची टर्की फस्त झाली आणि कॉलेज फुटबॉलमधला आजवरचा सर्वांत थोर खेळाडू कोण, यावरून माझा नवरा आणि धाकटा दीर ड्वेन हमरीतुमरीवर आले. एकमत झालं ते नेहमीसारखं भिंतीवरच्या फोटोपाशी. बावीस नंबरची जर्सी घातलेले, हेल्मेट काखेत धरलेले, कॉलेजातले त्यांचे डॅडी!

"वहिनी, टाक की आता सही! पोराच्या रक्तातच आहे," म्हणत ड्वेनने आमच्या सात वर्षांच्या वेलनचा फुटबॉल संघाचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सासऱ्यांना चमच्याने रताळं भरवत होते, उठून जाताही येईना.

तेवढ्यात सासऱ्यांनी फोटोकडे बोट केलं.

 

"त्या पोराच्या डोक्याला फार मार बसला होता गं. घरी पोचला का तो?"